चार वर्षांचा बांध

“एक बी फोटो पुसायचा न्हाई,” हणमंतरावांनी बजावलं आणि मोबाइल काउंटरवर ठेवला. “मेमरी फुल झाली म्हणतोय. जागा कर, पण पुसून न्हाई.”

अमरेशनं गॅलरी उघडली आणि त्याला हसू आलं. अर्धापूरच्या बसस्टँडसमोर दुकान थाटल्यापासून त्यानं लोकांच्या मोबाइलात काय काय पाहिलं होतं. नातवंडं, केळीचे घड, वराती, आणि शुभ सकाळची गुलाबं तर पोत्यानं. इथं मात्र एकच बांध होता. बांधावर एक उभा दगड, मागं विजेचा खांब. रोज एक फोटो, आणि दगडापासून खांबापर्यंत चालत काढलेला एक व्हिडिओ. असं चार वर्षं.

“काका, हे काय?”

“आमचा धुरा हाय. शेजारच्या धोंडाबाईनं तहसीलला अर्ज केलाय. ती म्हणते तिचं रान गेलं, आमचा पोरगा सत्यम म्हणतो आमचं गेलं. सुनावणी लागली की हे दाखवायचंय. ह्या वयात लबाड ठरून मरायचं न्हाई मला.”

अमरेशनं पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी शेजारी लावला. दगड खांबाकडे चांगला दोन हात सरकला होता. मधले फोटो पाहिले, तर दर उन्हाळी नांगरटीनंतर अर्धा-अर्धा हात.

“काका, हे तर उघड उघड सरकवलंय!”

“दिसतंय न्हवं?”

“आंधळ्याला दिसंल. तुम्ही कधी बोलला न्हाईत?”

“लई खेपा बोललो. ऐकत न्हाई माणूस. उलटं मलाच म्हातारचळ लागलाय म्हणतंय.”

अमरेशला त्या न पाहिलेल्या धोंडाबाईचा रागच आला. त्यानं दोन तोंडांचा पेनड्राइव्ह काढला. एक तोंड मोबाइलात बसणारं, दुसरं कॉम्प्युटरात. मोबाइलला खोचून सगळं त्यात घ्यायचं, मग मोबाइल मोकळा. व्हॉट्सॲपवरून मात्र पाठवायचं नाही, त्यात फोटोची मूळ तारीख जाते. पेनड्राइव्हवर कॉपी केली की राहते.

“तारीख राह्यलीच पाहिजे,” हणमंतराव म्हणाले. त्यांनी खिशातून वही काढून एकेक पायरी लिहून घेतली. टोपण काढणे. खोचणे. फोटो निवडणे. कॉपी करणे. उघडून बघणे. मगच मोबाइलातलं पुसणे.

“आणि काका, एकाच पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. दोन ठेवा. दोन्ही एका घरात नकोत.”

हा सल्ला अमरेश येईल त्याला द्यायचा. पदवीधर गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि महिन्याभरात रडत यायची. हणमंतराव सातवी शिकलेले. ते त्याच दिवशी दुसरा पेनड्राइव्ह घेऊन एसटीनं उमरीला गेले आणि बहिणीच्या, केवळाबाईच्या, कपाटात ठेवून आले. पुढं दर महिन्याला त्यांची उमरीची फेरी ठरलेली. बहिणीला वाटायचं, भावाची माया उतू चाललीय.

पावसाळ्यात फोटो काढता काढता मोबाइल पाटाच्या पाण्यात गेला. अमरेशनं तो उघडून वाळवला, पण जीव काही धरेना. सांगायचं कसं, या काळजीत त्याला जेवण गेलं नाही. हणमंतरावांनी ऐकून घेतलं आणि ते चक्क हसले.

“मोबाइल गेला, बांध थोडाच गेलाय? दुसरा दाखव. आजचा फोटो राह्यलाय.”

नवीन मोबाइलात अमरेशनं पेनड्राइव्ह खोचला आणि चार वर्षं जशीच्या तशी स्क्रीनवर आली. दुकान काढल्याचं सार्थक झालं असं त्याला पहिल्यांदा वाटलं. त्यानंतर कुणी बॅकअपचा कंटाळा केला की तो हणमंतरावांचं उदाहरण द्यायचा.

दिवाळीनंतर सुनावणीची तारीख लागली. हणमंतरावांनी तिसरा पेनड्राइव्ह भरून घेतला.

“तू बी चल. साहेबांना उघडून दाखवायला माणूस लागंल.”

अमरेश दुकान बंद करून लॅपटॉपसह निघाला. तहसीलच्या आवारात सत्यम आपला नवा ट्रॅक्टर लावून वकिलाबरोबर चहा पीत होता. त्यानं अमरेशच्या पाठीवर थाप मारली.

“लई मदत केलीस गड्या! चार वर्षं उन्हापावसात उभा राह्यला आमचा बाबा. मला तर फोटोला हात बी लावू देत न्हाई, इतकं जपतंय म्हातारं. आता कळंल त्या बाईला.”

ती बाई व्हरांड्यात एकटीच बसली होती. वकील नाही, सोबत कुणी नाही, हातात घडी पडून पडून फाटायला आलेला अर्ज. एवढ्या गरीब चेहऱ्याची बाई दुसऱ्याची जमीन खाते, याचं अमरेशला नवल वाटलं. दिसतं तसं नसतं, म्हणतात ते उगीच नाही.

आत बोलावणं आलं. धोंडाबाईंना साहेबांनी विचारलं, “तुमच्याकडे काही पुरावा?”

“न्हाई साहेब. डोळ्यांनी बघितलंय, तेवढंच.”

सत्यम गालात हसला. वकिलानं घसा साफ केला. तेवढ्यात हणमंतराव उठले, छातीवरच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. अमरेशनं लॅपटॉप उघडला. अभिमानानं त्याचा ऊर भरून आला होता.

कारकुनानं कागद ओढला. “हणमंतरावांच्या बाजूचा पुरावा, असं लिहितो.”

“न्हाई,” हणमंतराव म्हणाले. “धोंडाबाईच्या बाजूचा लिवा. तो खांब तिच्या रानात हाय.”