दोराची शेपटी

"खरं वजन सांग," विमानाच्या दारातच तराजूरावांनी मेहुणीला अडवले.

"अहो भाऊजी, मी केक खायला आलेय, कुस्ती खेळायला नाही!"

तिने एक आकडा सांगितला. तराजूरावांनी मनातल्या मनात त्यात एक दशांश वाढवला. वजन विचारले की माणसे कमीच सांगतात, या नियमाला त्यांना अद्याप अपवाद आढळला नव्हता.

मालवाहू विमानाच्या पोटात कोणते ओझे कुठे ठेवायचे, हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती; नावही त्यातूनच पडले होते. आज ते निवृत्त होत होते आणि हे चार इंजिनांचे जुने विमानही. त्याची इंजिने कालच उतरवली होती. हे वजन चाकांच्या पुढे असते. ते गेल्यामुळे नाक हलके झाले होते आणि शेपटाकडचा भाग जड. म्हणून शेपटाखाली पोलादी खांब लावला होता. सकाळी बाहेरून फोटो काढताना मुख्य मेकॅनिकने तो काढून टाकला.

"काठी टेकलेली म्हातारी दिसायला नको," तो म्हणाला होता.

नंतर खांब परत लावायचे राहिले आणि खांबाची गाडी दुसऱ्या हँगरला गेली. तराजूरावांनी शेपटाखाली जुन्या टायरांची चळत रचून घेतली, तेव्हाच त्यांनी माणसांना आत सोडले.

ही काळजी केवळ विमानाची नव्हती. ज्याच्या हातून विमान मागे कलून शेपटावर बसेल, त्याने आठवडाभर कमरेला दोराची शेपटी बांधून काम करायचे, अशी या हँगरची रीत होती. ती सर्वांना एकदा तरी बांधली गेली होती, मुख्य मेकॅनिकला दोनदा, आणि गाठ मारायला प्रत्येक वेळी तराजूरावच पुढे असत. त्यांची स्वतःची कंबर कोरी होती. आजचा दिवस टळला की ती कोरीच घरी जाणार होती.

"पाहुण्यांना घरीसुद्धा हे असेच बसवतात," त्यांची पत्नी केकचा खोका सांभाळत मेकॅनिकला सांगत होती. "सोफ्याच्या एका टोकाला माझा भाऊ बसला, की दुसऱ्या टोकाला दोघं लागतात."

विमानाचे लांबलचक पोट संपूर्ण फोटोत यावे, म्हणून फोटोग्राफर पुढे थांबला आणि बाकी सर्वांनी अगदी मागे उभे राहायचे ठरले. तराजूराव पुढच्या दाराशी, आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. त्यांनी एकेकाला मागे सोडले. प्रत्येकाचे वजन आणि अंतर मनात मांडले. शेवटी थोडा वाव उरत होता. थोडा, पण उरत होता.

फोटो निघाला. विमान जागचे हलले नाही. तराजूरावांनी रोखलेला श्वास सोडला.

"अहो, या ना आता!" मागून पत्नीने हाक मारली. "की केकही मेहुणीनेच कापायचा?"

"तू पुढेच थांब. हलू नकोस," तराजूरावांनी फोटोग्राफरला बजावले आणि ते निघाले. शर्यतीच्या घोड्यांनी लाथा मारून पाडलेले पोचे त्यांनी मागे टाकले. पाणघोड्याच्या पिंजऱ्याने जिथे पत्रा घासला होता, ती जागाही ओलांडली. तेवढ्यात मागून काहीतरी घरंगळत आले. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचे झाकण होते ते. ते त्यांच्या पायाजवळून पुढे गेले आणि थेट केकपाशी जाऊन पडले.

तराजूराव थांबले. पण उशीर झाला होता.

विमानाचा तळ पायांखाली अलगद कलला. कुठेतरी पत्रा कुरकुरला. खाली टायरांनी फुस्स करून उसासा टाकला आणि विमान बसले. कोणी पडले नाही. पत्नीने केक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"मी सगळ्यांना धरलं होतं," तराजूराव म्हणाले. "एकूण एक माणूस."

"आणि स्वतःला?" पत्नीने विचारले.

हिशेबात कर्मचाऱ्यांचे वजन वेगळे धरत नाहीत. ते विमानाच्याच वजनात, ज्याच्या त्याच्या जागेवर मोजलेले असते.

"माझं वजन विमानातच असतं," ते हळूच म्हणाले. "कायम."

"आजपासून ते घरात धरा," पत्नी म्हणाली.

मग जो हशा उसळला, त्याने पत्रा पुन्हा कुरकुरला. मेकॅनिकने खिशातून दोराची शेपटी काढली.

"तू आज बरोबर आणली होतीस?"

"रोजच आणायचो, तराजूराव. माणसाने आशा सोडू नये."

तराजूराव ताठ उभे राहिले. गाठ मात्र त्यांनी एकदा सोडायला लावली. "मध्यावर घे. डावीकडे ओढतेय."

मग सर्वांना जागच्या जागी थांबायला सांगून ते एकटेच पुढे गेले आणि तपासणीसाठी दारातून खाली उतरले. एकदा मागे बसलेले विमान एका माणसाच्या जाण्याने उठत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

टायर शाबूत होते. शेपटाला ओरखडाही नव्हता. चालत ते समोर आले आणि त्यांनी वर पाहिले. इंजिने नसलेल्या पंखांवर ऊन पडले होते. पुढचे चाक जमीन सोडून अधांतरी होते आणि नाक आकाशाकडे उचललेले, धावपट्टीवरून सुटताना असे तेवढेच.

"अहो, येऊ का आम्ही पुढे?" आतून पत्नीचा आवाज आला.

"थांबा जरा," तराजूराव म्हणाले. वाऱ्याने त्यांची शेपटी हलत होती. "अजून थोडा वेळ मागेच राहा."