विकास शुल्काची खिडकी

"आज कुणालाही ‘व्हा पुढे’ म्हणायचं नाही, कळलं?" बायकोनं दारातच बजावलं होतं. उद्यापासून जमिनीचे सरकारी दर वाढणार होते, आणि त्यावर ठरणारं बांधकाम परवानगीचं विकास शुल्कही. त्र्यंबकरावांची सगळी शिल्लक हातातल्या डीडीत होती. शुल्क वाढलं, तर वरची खोली कागदावरच राहणार.

नगरपरिषदेची खिडकी चारला बंद व्हायची. पावणेचार झाले तरी पुढे तिघं होते. त्र्यंबकराव घड्याळ बघत, डीडीवरची तारीख तपासत आणि पुन्हा घड्याळ बघत.

"काका, मी जाऊ पुढे?" मागची बाई म्हणाली. "शिलाईचं दुकान उघडं टाकून आलेय."

"नाही."

शब्द इतका कोरडा निघाला, की त्यांचेच कान तापले.

चार वाजायला दोन मिनिटं असताना त्यांच्या पावतीवर शिक्का बसला, आणि लगेच खिडकीची काच सरकून बंद झाली. बाईनं आपल्या बांधकामाच्या नकाशाची घडी घातली. "असू द्या काका. रांग ती रांग."

ते जिन्यापर्यंत गेले आणि तसेच परत आले. आयुष्यात त्यांनी कधी सरकारी खिडकी ठोठावली नव्हती. आता ठोठावली.

काच बोटभर उघडली. "आता काय, काका? तुमचं झालं ना?"

"झालं. आता यांचं घ्या. चारच्या आधीपासून उभ्या आहेत. तोवर मी इथून हलणार नाही."

काच पूर्ण सरकली. मग एक हात बाहेर आला. "आणा इकडे."

"व्हा पुढे," त्र्यंबकराव बाईला म्हणाले आणि बाजूला झाले.