कापसातली सरकी
लेकीला पाहायला घाटंजीचे पाहुणे यायचे म्हणून तुळसाबाईनं समोरच्या खोलीत मऊ गादी घातली, पांढरी चादर ओढली आणि बुद्धाच्या तसबिरीखाली घरच्या कापसाचे दोन लोड मांडले. एकाच्या पोटात तिनं मातामायचा टाक लपवला होता. गेल्या साली धम्म घेताना तिच्या नवऱ्यानं, डोमाजीनं, घरातले सारे देव नदीत सोडले. पण देवीच्या साथीत लेकीला राखणारी ही एक तिच्यानं सोडवेना. मुलाचा बाप नेमका त्याच लोडाला रेलला आणि चुळबुळला. “काय टोचून राह्यलं, भाऊ?” डोमाजीनं लोड चाचपला. त्याची बोटं एका जागी थांबली. दाराआड तुळसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणेही धम्मातलेच, आता सोयरिक मोडते! “सरकी राह्यली वाटते कापसात,” तो म्हणाला. पाहुण्याला दुसरा लोड दिला आणि हा आपल्यामागं घेतला. पाहुणे उठेपर्यंत मात्र त्यानं त्या लोडाला पाठ टेकवली नाही.