तीन मिनिटं, हात वर

"दोन्ही हात वर. कोपरं खांद्याच्या रेषेत. मुठी उघडायच्या, मिटायच्या. तीन मिनिटं." डॉक्टरीणबाईंनी घड्याळ समोर ठेवलं.

"ताई, मीपण करते तुमच्याबरोबर," म्हणत धाकटी जाऊ उठली.

झालं. इथेही आलीच बरोबरी करायला.

पहिलं मिनिट.

बावीस वर्षं थोरलीने लोकांचे केस कापले होते. हात दिवसभर खांद्याच्या वर. पार्लरमधली खिडकीजवळची खुर्ची तिची, नळाजवळची धाकटीची. हल्ली मात्र गिऱ्हाइकं खिडकीजवळ बसून आरशातून हळूच विचारत, "त्या नळाजवळच्या मोकळ्या आहेत का?"

"मुंग्या कुठे येतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"करंगळीत. शेजारच्या बोटात."

"हातातून कात्रीसुद्धा पडते हो," धाकटीने सांगून टाकलं.

"तुला विचारलं का?"

दुसरं मिनिट.

थोरलीचा उजवा तळवा खडूसारखा पांढरा. दंडात जणू शिसं ओतलेलं. शेजारी धाकटीच्या मुठी उघडत होत्या, मिटत होत्या. गुलाबी. बाई टाटा करतेय जशी कुणाला.

तिसरं मि—

थोरलीचा हात खाली आला.

पाठोपाठ धाकटीने दोन्ही हात टाकले. "अगं बाई, माझेही भरून आले."

थोरलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. कपाळावर घामाचा टिपूस नाही. मेलीला हरणंसुद्धा झकास जमतं.

डॉक्टरीणबाईंनी गळ्याच्या हाडामागे बोट दाबलं. कळ थेट करंगळीत गेली. "इथे हाड आणि बरगडीच्या मधे नस दबतेय. तीन महिने हात वर करायचं काम बंद."

तीन महिने. खिडकीजवळची खुर्ची धाकटीला.

"हिलाही लिहून द्या," थोरली म्हणाली. "हिचेही हात उतरले. तुमच्यासमोर."

पेन थांबलं. डॉक्टरीणबाई धाकटीकडे बघत राहिल्या.

"द्या लिहून," धाकटी म्हणाली. "पार्लरला कुलूप लावू दोघी मिळून."

थोरलीचा अंबाडा सुटून मानेवर आला होता. तिने हात वर न्यायचा प्रयत्न केला. तो कानापाशीच अडला.

"थांबा ताई." धाकटी मागे उभी राहिली. दातांत पिना धरल्या. एकेक बट सोडवून, विंचरून, पुन्हा सावकाश गुंडाळू लागली.

समोरच्या कपाटाच्या काचेत ते दोन हात दिसत होते. थोरलीने त्यांच्यावरची नजर काढून घड्याळावर नेली.

चार मिनिटं झाली. हात अजून वरच होते.