तितर बोलतो तिथं

बिरप्पानं काठी आडवी धरली आणि सगळा कळप बांधावरच अडवला.

पलीकडे डाळिंबाच्या ओळींमधून हिरवंगार गवत माजलं होतं. मेंढरं भुकेनं एकमेकांच्या अंगावर चढत होती. कालपासून त्यांच्या पोटात वाळल्या काड्यांशिवाय काही गेलं नव्हतं, आणि त्यातली निम्मी गाभण.

"आता कशाची वाट बगताय?" त्याची बायको कस्तुराबाई वैतागली.

"गप. त्येला बोलू दे आदी."

तो म्हणजे तितर. बिरप्पाचा हा नेम गेल्या साली सुरू झाला. त्याचा मोत्या कुत्रा तुरीच्या रानात मरून पडलेला तितर खाऊन आला आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडत गेला. तिथंच आणखी एक तितर पडला होता. अंगावर ना जखम, ना ओरखडा. बिरप्पानं त्याचं पोट फाडून पाहिलं, तर आत नुसत्या अळ्या. औषध मारलं होतं अळीला. अळी तितरानं खाल्ली आणि तितर मोत्यानं.

त्याच रानात त्याच्या थोरल्या भावाचा, महिपतीचा कळप चरला होता. महिपती आता सोलापुरात एका अपार्टमेंटच्या गेटवर टोपी घालून बसतो आणि पोराच्या वयाच्या माणसांना सलाम ठोकतो. बिरप्पा एकदा भेटून आला. परत जायचं धाडस त्याला झालं नाही. मेंढरं गेली की धनगराचं काय होतं, ते त्यानं घरातच पाहिलं होतं.

तेव्हापासून तितर बोलतो तिथं चारायचं. रान मुकं असलं की पुढं चालायचं, मग गवत कितीही असो.

"रानमालकाला इचारायचं की सरळ," कस्तुराबाई म्हणायची.

"माणूस गोड बोलून गळा कापतो. पाखराला खोटं बोलाया येत न्हाय."

आजवर नेम खरा ठरला होता. पण मुकी रानं वाढत चालली होती. सांगोला सोडल्यापासून सगळी वाट फळबागांची, नजर ठरणार नाही अशी हिरवी, आणि गप. वर घार नाही, बांधावर सरडा नाही. मेंढरांची हाडं दिसायला लागली होती.

आणि आता कडेच्या बाभळीतून खणखणीत आवाज आला. "कतीतर, कतीतर, कतीतर!"

बिरप्पाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ऐकलंस? जित्ता हाय गं!"

तेवढ्यात बागेच्या फाटकातून जोतिराम आला. आत मांडव होता, बाजा टाकल्या होत्या, आगटीत कणसं भाजत होती. रविवार असल्यानं सोलापूरचे पाहुणे हुरडा खायला आले होते. त्यांची उठबस जोतिरामकडे.

"कुठलं मामा तुमी?"

"सांगोल्याकडचं. वाईच चारतो की मेंढरं. लेंड्या पडतील, बागंला खत हुईल."

जोतिराम घुटमळला. पण पाहुण्यांतल्या वैजयंतीबाई मोबाइल सरसावून उठल्याच होत्या. "अय्या, मेंढ्या! येऊ द्या ना आत, फोटो किती छान येतील!"

"जावा मग," जोतिराम म्हणाला. "पर बागंचं मला काय इचारू नगा. मी निस्तं पावण्यांचं बगतो. बागंचं समदं मालक शहरातनं बगत्यात, आन् गडी आटवड्यातनं येऊन जात्यात."

बिरप्पानं काही विचारलंच नाही. ज्याला विचारायचं होतं, त्यानं उत्तर दिलं होतं.

मेंढरं गवतावर तुटून पडली. त्यांच्या दातांचा करकर आवाज ऐकत बिरप्पा बांधावर टेकला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं. वैजयंतीबाईंनी कस्तुराबाईच्या ओंजळीत हुरडा घातला.

"किती शांत आहे हो इथे. आमच्याकडे चिमणीसुद्धा राहिली नाही."

"व्हय बाई. हितं मातूर तितर हाय."

तितर बोलतच होता. बिरप्पाचं नवं कुत्रं पायापाशी पसरलं होतं. एरवी तितर नुसता खाकरला तरी झुडपात घुसणारं, आज त्यानं कानसुद्धा हलवला नाही.

"ह्येला काय झालं वो?" कस्तुराबाई म्हणाली.

"दमलंय चालून."

ऊन डोक्यावर आलं. तितर अशा वेळी सावलीला गप बसतात. हा काही थांबेना.

"ह्यो तितर थकत कसा न्हाय?"

"लई दिस तोंड दाबून ऱ्हायलाय. बोलू दे," बिरप्पा हसला.

मग भुऱ्या मेंढीचे गुडघे वाकले. ती उठायला गेली, पुन्हा बसली. तोंडातून फेस आला. तिच्या पलीकडची थरथरत आडवी झाली. बिरप्पा धावला. एकीला उभी करावी तर दोन पडत होत्या. कस्तुराबाईनं एका गाभण मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ऊर बडवायला सुरुवात केली.

"इख हाय वो ह्यात! काडा भाईर समद्यांस्नी!"

"कसं असंल?" बिरप्पा ओरडला. "त्यो बोलतोय की अजून! ऐक की, बोलतोय!"

बाभळीतून आवाज येतच होता. खणखणीत, आनंदी.

पाहुणे मांडवाच्या कडेला गोळा झाले. कुणी हातातला हुरडा खाली टाकला. वैजयंतीबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले.

"जोतिराम, आधी ते बंद करा हो! ऐकवत नाही आता."

जोतिरामनं खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यावर अंगठा दाबला.

बाभळीतला तितर अर्ध्यावरच गप झाला.