अचानक भेट

"सिस्टर, सर येणार ना आज?" बाळाची घरघरणारी छाती चोळत रसिकाने आरोग्य केंद्राच्या दारातूनच विचारलं.

"येणार. बिनतिखटाच्या जेवणाचा निरोप कालच आलाय. डॉक्टरही तालुक्याहून निघालेत."

आरोग्य सुधारणांवर संशोधन करणारे हे प्राध्यापक केंद्रावर नेहमी न कळवता येत. जेवणाचं मात्र त्यांचा ड्रायव्हर आदल्या दिवशीच कळवी. मग डॉक्टर उगवत, औषधांचं कपाट उघडे. एरवी डॉक्टर दिसतच नसत. म्हणून गावातल्या आया लेकरांची दुखणी सरांच्या भेटीपर्यंत कशीबशी रेटत.

आज सर पेढे घेऊनच उतरले. "माझं आयुष्यभराचं काम फळाला आलं! अचानक येऊन पाहिलं, तरी डॉक्टर प्रत्येक वेळी हजर! सरकारनं अहवाल स्वीकारला. आता मला यायची गरजच उरली नाही."

डॉक्टरांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. रसिकाने मात्र बाळाकडे पाहिलं. पुढच्या थंडीत बाळाला पुन्हा धाप लागली तर?

"सर," ती घाईघाईने म्हणाली, "तुम्ही नाही आलात तरी चालेल हो. पण जेवणाचा निरोप तेवढा पाठवत जा."