पडवीतली वळकटी

रत्नागिरीहून वाडीत मुक्कामाला येणारी एसटी बंद होणार होती; आज ती शेवटची सुटणार होती. तिचे ड्रायव्हर-कंडक्टर इतकी वर्षं भिकूबाबांच्या पडवीत झोपायचे. एकट्या बाबांना तेवढीच माणसांची सोबत. सकाळी बाबांनी दोघांना चहा दिला. कंडक्टर अमरदीप कप विसळून गाडीत चढला.

डबल बेल वाजली, गाडी हलली आणि बाबांना कोपऱ्यात अमरदीपची वळकटी दिसली. ती काखोटीला मारून ते धावत सुटले. "अरे थांबव! अंथरूण इसरलास तुझं!"

गाडी थांबली. अमरदीपने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "इसरलो नाय, बाबा. शनिवारी मोटारसायकलने येतोय मी. तिच्यावरून एवढं बोचकं परत कोण आणील?"

"मग काल सांगायला तोंड नव्हतं, मेल्या?" बाबा करवादले आणि पाठ फिरवून, डोळे पुसत घराकडे वळले.

वळकटी जागेवर ठेवायला गेले, तर दाराआड ड्रायव्हरचीही तशीच उभी होती.